वस्तऱ्याखालचे होकार

माझा दादा दाढी करताना बोलतो. खरं तर बोलता बोलता मधूनच थोडी दाढी करतो. त्याचं सलून आणि माझी लाँड्री यांच्यामध्ये भिंत म्हणून एक प्लायवूड उभं आहे आणि त्यावर रंगाचे दोन हात. त्यामुळे माझं अर्धं आयुष्य लोकांच्या शर्टांच्या कॉलरींवर इस्त्री फिरवण्यात आणि दादाची भाषणं ऐकण्यात गेलं. गटाराचा उतार कुणीकडे असावा, परीक्षेचा पेपर कुणी काढावा, दोन परक्या देशांमधलं भांडण कसं मिटवावं, सगळ्यावर त्याचं मत तयार. "मला माहीत नाही" हे वाक्य आमच्या दादाच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही, आणि तो चौथीत असताना बाई त्याला पाढे विचारायच्या तेव्हाही ऐकलेलं नव्हतं.

दिसायला बुटका, पोट पुढे, ॲप्रनच्या खिशात तीन कंगवे. स्वतःच्या डोक्यावर केस औषधालाही नाही. कुणी चिडवलं तर म्हणतो, "गिऱ्हाइकांकडे लक्ष देता देता स्वतःकडे दुर्लक्ष झालं." हात मात्र सोन्याचा. त्याने कुणाला ओरखडासुद्धा काढल्याचं मला आठवत नाही, आणि तोंड असं सुटलेलं असताना हात असा स्थिर राहतो हे मला आजही कोडं आहे.

त्याची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की पायाने खुर्ची वर उचलायची, मान मागे टाकायची, फेस ओठांपर्यंत चढवायचा आणि वस्तरा गळ्याला टेकला की मग विषय काढायचा. त्याआधी नाही. दोन-चार वाक्यं झाली की दादा विचारतो, "बरोबर आहे की नाही?" खुर्चीतून उत्तर येतं, "हं." दादा खूश. पुन्हा दोन-चार वाक्यं. "आहे की नाही?" "हं." भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू यायचं, दादाचं भाषण आणि जगाचं हं. त्याला मनापासून वाटायचं की अख्खा वॉर्ड त्याच्या विचारांचा आहे.

अशात बातमी आली की सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना मताचा हक्क देणार. आधी फक्त वॉर्डाच्या निवडणुकीत, मग पुढचं पुढे. दादा असा पेटला की त्या आठवड्यात दाढ्यांचा वेग दुप्पट झाला.

"ज्याला अजून वस्तरा लागत नाही, त्याला मत कशाला लागतंय?"

मी भिंतीवर इस्त्रीची मूठ आपटली. "मग माझं आणि वहिनीचं मत काढून घे! आम्हाला कुठे लागतो वस्तरा?"

पलीकडे वस्तरा दोनदा पट्ट्यावर घासला गेला. मग, "तू कपडे जाळशील, लक्ष दे."

आता इथे माझी भाची येते. दादाची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा नुसते गालच गाल होते म्हणून आम्ही तिला ढब्बू म्हणायला लागलो. आता ती दादापेक्षा वीतभर उंच आहे, काठीसारखी सरळ, आणि नाव तेच. त्या वर्षी तिला नुकतंच सोळावं संपून सतरावं लागलं होतं. बापाची जीभ घेतलेली, पण आईचं डोकं घेतलेलं. दोघं जेवायला बसली की ताटं गार व्हायची आणि वाद तापायचा. वहिनी शेवटी दिवा बंद करायची, तेव्हा अंधारात दोघं आपापले मुद्दे संपवायची.

या कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला वॉर्डाच्या सभागृहात बैठक होती. ढब्बू बोलायला उभी राहिली. हातात कागद होता, पण तिने तो पाहिलासुद्धा नाही. "आम्ही तुमच्याच बसमधून उभ्याने जातो, तुम्ही बांधलेल्या शाळांत बसतो, आमच्यातले काही काम करून घरी पगार देतात," ती म्हणाली. "आणि आमचं काय करायचं हे ठरवताना सगळ्यांना विचारतात, फक्त आम्हाला सोडून." आवाज थरथरत होता, पण शब्द खणखणीत. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून आमच्या शहाण्याचा आवाज आला,

"घरात दूध उतू गेलेलं कळत नाही हिला, आणि ही सरकार निवडणार!"

सभागृह खो खो हसलं. दादाला हशा मिळाला की त्याचं भान सुटतं, तो उभा राहून सगळ्यांकडे बघत होता. ढब्बूने कागदाची घडी घातली आणि ती खाली बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

घरी ती अगदी नेहमीसारखी वागली. फक्त तिने वाद घालणं बंद केलं. दुसऱ्यांच्या घरात याला शांतता म्हणतात. त्या घरात ती शिक्षा होती. दादा बिचारा नाना आमिषं टाकून पाहायचा. एकदा तर ताटावर बसून म्हणाला, "मला कधीकधी वाटतं, पृथ्वी सपाटच असावी."

"असेल," ढब्बू म्हणाली आणि तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

दादाने तो पेला एका दमात संपवला.

चुकलं म्हणून सांगून टाक, असं मी त्याला हजारदा म्हटलं असेन. पण माफी मागायला तोंड आधी बंद करावं लागतं, आणि तिथेच गाडी अडायची. कायदा पास झाला. वॉर्डाची निवडणूक लागली. एका दुपारी दादा माझ्या इस्त्रीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी उभा राहतोय."

"कशाला?"

"वॉर्डाची सेवा."

मी नुसतं बघितलं. भावाकडे कसं बघायचं हे बहिणीला शिकवावं लागत नाही. तो इस्त्रीच्या वायरशी चाळा करत म्हणाला, "तिचं पहिलं मत आहे गं. ते मला मिळालं म्हणजे झालं. मग मी पडलो तरी चालेल. मत दिलं म्हणजे तिने सोडून दिलं असं समजेन मी."

असा आमचा उमेदवार. बाहेर तो रस्ते आणि पाणी बोलायचा, पण त्याला हवं होतं ते एकच मत, तेही स्वतःच्या घरातलं.

उमेदवारीला पाठिंबा कसा मिळाला, तेही ऐका. समोरचा विमा एजंट दाढीला बसला होता. वस्तरा थेट कंठावर. दादाने विचारलं, "मी उभा राहू का? तुमचं मत मिळेल ना?" एजंट म्हणाला, "हं." मग शिंपी, मग रंगवाला, मग बसचा कंडक्टर. सगळे हं. आठवडाभरात दादाच्या हिशेबाने तो निवडून आल्यातच जमा होता. पोस्टर लागलं. त्यावर दादाचा फोटो, खिशात कंगवे, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "तुमचं डोकं माझ्या हातात सुरक्षित." समोर एकटी केमिस्टबाई उभी होती, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची. कमी बोलणारी बाई. तिच्या पोस्टरवर फोटो आणि दुकानाच्या वेळा, बस.

"दारोदार फिर जरा," मी दादाला सांगितलं.

"कशाला? सगळा वॉर्ड माझ्या खुर्चीत येतो."

"अर्धा वॉर्ड बायकांचा आहे. त्या येतात तुझ्या खुर्चीत?"

"त्यांचे नवरे येतात ना!"

मी हातातला ओला टॉवेल फेकला. तो त्याने शिताफीने झेलला आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर टाकला.

वहिनीने तर त्याला अगदी सरळ सांगितलं होतं. वहिनी दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे, उघड्या तोंडांचा अनुभव तिला दांडगा. "अहो, आमचे डॉक्टर पण ड्रिल घालून विचारतात, दुखत नाही ना? सगळे आं म्हणतात. बाहेर येऊन माझ्याजवळ रडतात. गळ्यावर वस्तरा असताना तुम्हाला नाही कोण म्हणेल?"

"माझ्या वस्तऱ्याला कुणी घाबरत नाही," दादा दुखावून म्हणाला. "विश्वास आहे लोकांचा."

आणि मग पोरं यायला लागली.

पहिला आला तो एक ताडमाड मुलगा, ढब्बूच्या वर्गातला. केस कापायला बसला. दादाने सवयीने भाषण सुरू केलं, पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. केस कापताना माणसाचं तोंड मोकळं असतं. कात्री मागे असते, गळा सुटा असतो, आरशात समोरासमोर बघता येतं. "आहे की नाही?" दादाने विचारलं.

"नाही," मुलगा म्हणाला.

भिंतीपलीकडे कात्री थांबली. माझ्या हातातली इस्त्रीही थांबली, आणि एका बँकवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर कायमचा डाग पडला.

"काय नाही?"

"काका, आम्हाला अक्कल नाही असं तुम्ही सभेत म्हणालात. मग आता आमच्याकडे मत का मागताय? बिनअकलेचं मत चालतं तुम्हाला?"

मी कान प्लायवूडला लावला. दादा गप्प! माझ्या जन्मात पहिल्यांदा! मग तो बोलायला लागला, मुलगा बोलायला लागला, दोघं एकदम बोलायला लागले, आणि एका डोक्याला लागायचा वेळ चौपट लागला. मुलगा जाताना म्हणाला, "मी उद्या मित्रांना घेऊन येतो. माझं संपलेलं नाही."

ती सगळी आली. पोरं, पोरी, सायकली, दप्तरं. पोरींना केस कापायचे नव्हतेच, त्या बाकावर बसून नुसतं भांडायला यायच्या. एक मुलगा एका आठवड्यात तीनदा केस कापून गेला. शेवटी शेवटी कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण मुद्दा उरला होता. दादा म्हणाला मैदानावर दिवे म्हणजे विजेची नासाडी. पोरं म्हणाली, मग संध्याकाळी कामावरून सुटलेल्यांनी खेळायचं कधी? दादा म्हणाला दुपारी. ती म्हणाली, दुपारी तुम्ही खेळून दाखवा. आणि दादा खरंच गेला हो! रणरणत्या उन्हात, ॲप्रन घालून, चेंडूमागे दोन चकरा मारून लालबुंद होऊन परत आला, माझ्याकडून पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, "दिवे पाहिजेत." दुसऱ्या दिवशी पोस्टरवर हाताने लिहिलं, "मैदानावर दिवे." सायकलींच्या रस्त्याच्या मुद्द्यावर तो हरला, बसच्या वेळांवर हरला, शाळेच्या गणवेशावर मात्र जिंकला आणि त्या आनंदात त्याने सलूनमध्ये नाच केला. रोज घसा बसलेला, डोळे चमकत असलेले. मी त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

त्याला मात्र ते कळलं नाही. रात्री जेवताना हिशेब मांडायचा, "पोरांची मतं गेली. एकजात माझ्या विरुद्ध आहेत, माझा एक शब्द मान्य करत नाहीत. पण मोठे सगळे माझे. एकही नाही म्हणालेला नाही." आणि ढब्बूकडे तिरका डोळा. ढब्बू शांतपणे जेवायची. ती सलूनमध्ये एकदाही आली नाही.

मतदान शाळेत होतं. पहिल्यांदाच मत देणाऱ्या पोरांना सगळं नीट समजावून सांगायचं म्हणून त्यांची खोली वेगळी, पेटीही वेगळी. व्हरांड्याच्या एका बाजूला आमची रांग, दुसऱ्या बाजूला त्यांची. आमच्या रांगेत लोक जांभया देत होते. तिकडे जत्रा होती नुसती! कुणी नवे कपडे घातले होते, कुणी ओळखपत्र सारखं खिशातून काढून बघत होतं, एकीला उचकी लागली होती आणि दहा जण तिला दहा उपाय सांगत होते. ढब्बू आत गेली. दादा टाचा उंचावून बघायला लागला, तसा दारावरचा पोलीस म्हणाला, "साहेब, मागे व्हा." ती बाहेर आली ती हसतच, अगदी कानापर्यंत हसत. दादाने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"दिलं गं तिने मला," तो कुजबुजला. "बघ, कशी हसतेय!"

मोजणी दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत. एकेक पेटी उघडायची, एकेकीचा निकाल सांगायचा. पहिली पेटी उघडली. केमिस्टबाईंच्या टेबलावर चळत वाढत गेली आणि दादाच्या टेबलावर जे जमलं ते एका मुठीत मावलं असतं. दादाला वाटलं मोजणी चुकली. दुसरी पेटी. तेच. तो वळला. मागेच विमा एजंट उभा होता, बुटांकडे बघत.

"तुम्ही हं म्हणाला होतात," दादा म्हणाला.

"दादा," एजंट घसा चोळत म्हणाला, "वस्तरा कुठे होता तेव्हा?"

दादाने शिंप्याकडे बघितलं, रंगवाल्याकडे, कंडक्टरकडे. सगळ्यांचे हात आपोआप गळ्याकडे गेले. तेव्हा कुठे माझ्या भावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो बाकावर मटकन बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला हसू येत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं, दोन्ही इतकं की मी तोंडावर पदर धरला.

मग पोरांची पेटी उघडली. आणि दादाच्या टेबलावर चळत चढायला लागली. चढतेय, चढतेय, थांबायचं नावच नाही! मोजणारी बाई दोनदा थुंकी लावून बोटं ओली करून घेते आहे, आणि वर गॅलरीत पोरं बाकांवर उभी राहून किंचाळताहेत. केमिस्टबाईंना त्या पेटीत जेमतेम काही मतं. एकूण बेरजेत दादा पडला होता, चांगलाच पडला होता, पण कुणाला त्याचं काय! पोरं खाली धावत आली.

"पण तुम्ही तर माझ्याशी भांडत होतात!" दादा ओरडला.

"तुम्ही एकटेच आमच्याशी भांडलात, काका," ताडमाड मुलगा म्हणाला. "बाकीचे सगळे डोक्यावरून हात फिरवून पुढे जातात. आणि तुम्ही उन्हात खेळायला पण आलात."

त्यांनी दादाला खांद्यावर घेतलं. हरलेल्या माणसाची अशी मिरवणूक मी कधी पाहिली नव्हती. दारातला शिपाई तर गोंधळून विचारत होता, नक्की निवडून आलं कोण? दादा पोरांच्या खांद्यांवर डुगडुगत हात जोडत होता, खिशातले कंगवे वाटेवर पडत होते आणि मी ते वेचत मागून पळत होते. सलूनपर्यंत आणून त्यांनी त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि पायाने दाबून दाबून खुर्ची पार वर नेली.

पोरं बाहेर गेली. आत आम्ही चौघंच उरलो. दादा उंच खुर्चीत, पाय लोंबकळत, तोंडभर हसू. "पडलो तर पडलो," तो म्हणाला. "त्या पेटीत माझी लेक होती. काय गं ढब्बू? दिलंस ना मला?"

"नाही, बाबा."

वहिनीने डोळे मिटले. मला वाटलं भिंत माझ्या अंगावर पडली. दादाचं हसू गेलं नाही, ते चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

"अजून राग आहे?" त्याने विचारलं. आवाज इतका लहान की तो त्याचा वाटेना. "तेव्हा... सभेत. मी चुकलो गं. फार चुकलो. लोक हसले आणि मला चेव आला. तू किती छान बोलत होतीस."

"राग गेला कधीच." ती त्याच्या गुडघ्यांशी येऊन उभी राहिली. खुर्ची एवढी वर होती की कधी नव्हे ते तिला त्याच्याकडे मान वर करून बघावं लागत होतं. "रागाने दिलं असतं तर सोपं होतं. मला मत द्यायची फार इच्छा होती तुम्हाला. पण मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला होता, वाचनालय सहालाच का बंद होतं म्हणून. तुम्ही मला वाचनालयाचा सगळा इतिहास सांगितलात. केमिस्टकाकू म्हणाल्या, मला माहीत नाही, विचारून सांगते. आणि खरंच विचारून आल्या. किल्ली एकाच वॉचमनकडे आहे, त्याची पाळी सहाला संपते. दुसरा माणूस नेमला तर नऊपर्यंत चालेल, कुणाला अर्ज करायचा तेही सांगितलं. मी त्या खोलीत खूप वेळ उभी होते, बाबा. तुमच्या नावावर शिक्का धरून उभी होते. मग वाटलं, तुम्हाला खूश करायला दिलं तर ते माझं मत नाही, तुमचंच दुसरं मत."

दादा नुसता तिच्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरत भरत आले आणि वाहायला लागले, आणि मग तो हसायला लागला. आधी हळू, मग पोट हलवत, मग असा की खुर्ची करकरायला लागली. खुर्ची खाली करायचीही त्याने वाट बघितली नाही, वरूनच उडी मारली, तिचा हात धरला आणि तिला ओढत रस्त्यावर नेलं.

केमिस्टबाईंची मिरवणूक तेव्हाच कोपऱ्यावरून येत होती. चांगली मोठी मिरवणूक, टाळ्या, शिट्ट्या, पुढे विमा एजंट. दादा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"थांबा!" तो ओरडला. "माझ्या लेकीने मला मत दिलं नाही! ऐकलं का सगळ्यांनी? उभा होतो मी, तिचा बाप, आणि मला नाही दिलं!"

लोकांना वाटलं, पराभवाने डोकं फिरलं. ढब्बू लाजून लाल झाली, "बाबा, पुरे," म्हणत हात सोडवायला बघत होती. पण त्याने सोडला नाही. तो केमिस्टबाईंसमोर गेला, भर रस्त्यात, डोळे पुसत, हसत.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या मतांमध्ये एक मत माझ्या घरचं आहे. तिचं पहिलंच आहे. मी मागितलं तरी मला मिळालं नाही. जपून वापरा."

केमिस्टबाईंचं हसू थांबलं. त्यांनी ढब्बूकडे बघितलं, मान हलवली आणि वाचनालयाचा अर्ज द्यायला उद्या सकाळी बरोबर येशील का, असं तिला विचारलं. ढब्बू म्हणाली, दुपारनंतर चालेल, सकाळी माझा पेपर आहे.